चाळीस मिनिटांचा ऐब

मी लॅपटॉप विकला तेव्हा त्याच्याखाली एक पुस्तक होतं. जाड बांधणीचा जुना शब्दकोश. मागची बाजू त्यावर टेकवली की खालून हवा खेळती राहायची, आणि स्क्रीन काळी पडायला वीसऐवजी चाळीस मिनिटं लागायची. गिऱ्हाईक बघायला आलं तेव्हाही पुस्तक तिथेच होतं. सवयीने राहिलं, असं मी पुढचे तीन आठवडे सगळ्यांना सांगत होतो.

दोष साधा होता. मशीन तापलं की स्क्रीनचा उजेड जायचा. आतलं काम चालूच राहायचं, गाणं लावलं असेल तर ऐकूही यायचं, पण दिसायचं काही नाही. झाकण मिटून दहा मिनिटं थांबलं की परत ठीक. मी वर्षभर त्याला वेगळा मॉनिटर जोडून काम केलं होतं, त्यामुळे मला त्रास असा नव्हताच. त्रास नाही म्हणजे दोष नाही, असं मनात कधी बसलं ते कळलंसुद्धा नाही.

घ्यायला आला तो ओळखीतला मुलगा, अजून शिकणारा. आधी निरोपात मी स्पष्ट लिहिलं होतं: 'वापरलेला आहे. जसा आहे तसा. नंतर तक्रार चालणार नाही.' तो आला, पंधरा मिनिटं बसला, कीबोर्ड बघितला, बॅटरी बघितली. मग विचारलं, "अंकल, दिवसभर चालतो ना?" मी म्हटलं, "मी रोज दहा-दहा तास चालवतो." यात एक अक्षर खोटं नव्हतं. मॉनिटरचा उल्लेख तेवढा राहिला.

एकोणिसाव्या दिवशी त्याचा फोन आला. भांडला नाही. एवढंच विचारलं, "स्क्रीन जाते. तुम्हाला माहीत होतं का?" मी वापरलेल्या वस्तूंचं नेहमीचं पुराण लावलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग आपण मुफ्तीसाहेबांना विचारू या. ते सांगतील ते मला मान्य." मी लगेच हो म्हटलं. 'जसा आहे तसा' हे शब्द लिहिलेले होते, पुरावा फोनमध्ये होता. मला वाटलं, जिंकलेलीच बाजी आहे.

*

जायच्या आधी दोन रात्री मी वाचन केलं. वाचन कसलं, पळवाटा शोधत होतो. व्यवहारातल्या इस्लामी कायद्याचं माझं ज्ञान 'व्याज हराम' इथेच संपत होतं. वॉरंटी ही कंपन्यांनी आणलेली नवी गोष्ट, जुन्या किताबांत तिचं काय असणार, अशी समजूत होती. निघालं उलटंच. फिकहच्या, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राच्या, किताबांत विक्रीच्या प्रकरणात 'खियार', म्हणजे सौदा ठेवायचा की मोडायचा याची मुभा, यावर पानंच्या पानं आहेत. अट घालून ठेवलेली मुभा वेगळी, माल न बघता घेतला तर बघितल्यावर मिळणारी वेगळी, आणि दोष निघाला तर मिळणारी वेगळी. या शेवटच्या मुभेला खियार-ए-ऐब म्हणतात. माझं प्रकरण तिथे मोडत होतं.

सगळ्यात सोयीचं सापडलं ते मजल्ला. उस्मानी, म्हणजे तुर्कांच्या ऑटोमन, राजवटीत अहमद जेवदेत पाशांच्या अध्यक्षतेखाली 1869 ते 1876 या काळात हनफी या सुन्नी परंपरेच्या फिकहवरून हा दिवाणी कायद्याचा संग्रह तयार झाला. एकूण 1851 कलमं, आणि पहिलंच पुस्तक विक्रीचं. कलमं नंबरवार असल्यामुळे माझ्यासारख्या अडाण्यालाही वाचता येतं. पण 336 व्या कलमानेच तोंड कडू केलं. काहीही अट न घालता केलेल्या विक्रीत माल निर्दोष असणं गृहीतच असतं. वॉरंटी वेगळी लिहून द्यावी लागत नाही, विकलं म्हणजे दिलीच. पुढे 338 मध्ये दोषाची व्याख्या: व्यापारी आणि जाणकार यांच्या लेखी ज्याने वस्तूची किंमत उतरते तो दोष. 'मला चालत होतं' याला इथे काडीची किंमत नाही, बाजाराला चालतं का ते महत्त्वाचं. 339 म्हणतं, वस्तू विक्रेत्याकडे असताना जो दोष होता तो जुना दोष, आणि जुन्याच दोषाचा भार विक्रेत्यावर.

मग आलं 342. विक्रेत्याने 'कुठल्याही दोषाची जबाबदारी माझी नाही' अशी अट घालून विकलं तर ग्राहकाला दोषाची मुभा राहत नाही. हे मी तीनदा वाचलं. 344 त्याहून गोड वाटलं: दोष कळल्यानंतर ग्राहक त्या वस्तूशी मालकासारखा वागला, उदाहरणार्थ विकायला काढली, तर त्याची मुभा गेली. मी रात्री साडेबाराला विक्रीच्या जाहिराती चाळत बसलो, पोराने माझा लॅपटॉप कुठे टाकलाय का ते बघायला. टाकला नव्हता. हे आज लिहिताना कसंतरीच होतं, पण बसलो होतो खरा.

*

मुफ्तीसाहेबांची खोली लहान. भिंतीला लागून किताबांचं कपाट, एक बसकं लाकडी मेज, त्यावर रेघांचे कागद. माझी कल्पना अशी होती की आपण बोलायचं, ते निकाल सांगणार. त्यांनी आधी कागदच पुढे केला. "सवाल लिहून द्या. नावं नकोत. विकणारा ज़ैद, घेणारा बकर." फतव्याच्या, म्हणजे मुफ्तींकडून घ्यायच्या धर्मकायद्याच्या सल्ल्याच्या, सवालात माणसांची नावं घालत नाहीत, हे मला तिथे कळलं. जुन्या फतव्यांत पिढ्यानपिढ्या हाच ज़ैद उंट विकतोय, घर भाड्याने देतोय, बायकोशी भांडतोय. आता त्याने लॅपटॉप विकला.

मी लिहिलं. ज़ैदने वापरलेला लॅपटॉप बकरला 'जसा आहे तसा' या अटीवर विकला, बकरने तपासून घेतला, 19 दिवसांनी बकर दोष सांगतो, तर ज़ैदवर पैसे परत करणं लाजिम आहे का? पाच ओळी, आटोपशीर. ज़ैदच्या वकिलानेसुद्धा इतकं चांगलं लिहिलं नसतं.

मुफ्तीसाहेबांनी वाचलं, चष्मा काढला आणि कागद मुलाकडे दिला. "हे असंच झालं?"

त्याने वाचलं. "झालं असंच. पण मी दिवसभर चालतो का विचारलं होतं, ते यात नाही."

"मग याचा जवाब मी देणार नाही," ते म्हणाले. "सवाल जसा तसा जवाब. एका बाजूचा सवाल घेतला तर माझा कागद तुम्ही याच्या तोंडावर मारणार. दोघांत झगडा आहे ना? मग फतवा नको, तहकीम करा. दोघं मिळून मला हकम नेमा. मी निकाल देईपर्यंत तुमच्यातला कुणीही माघार घेऊ शकतो. दिल्यावर नाही."

तहकीम म्हणजे लवाद. दोघं आपखुशीने एखाद्याला निवाडा करायला बसवतात. त्यांनी दोघांकडून तोंडी कबुली घेतली, एकदा माझ्याकडून, एकदा त्याच्याकडून, आणि मग प्रश्न सुरू झाले. पहिल्यांदा मुलाला. दोष कधी दिसला? तिसऱ्या दिवशी. मग सोळा दिवस काय केलं? आधी वाटलं आपलंच काही चुकतंय, मग दुरुस्तीवाल्याकडे नेला, त्याने दोन दिवस ठेवून घेतला, मग परीक्षा आली. दोष कळल्यावर 'असू दे, चालेल' असं तोंडाने म्हणालास का? नाही. कुणाला विकायला दाखवलास? नाही. इथे मी खाली बघितलं.

त्यांनी समजावलं, की शाफिई मसलकात, म्हणजे कायद्याच्या दुसऱ्या एका सुन्नी परंपरेत, दोष कळताच लगेच सांगावं लागतं, उगाच उशीर केला तर मुभा जाते. हनफी इथे सैल आहेत. नुसत्या उशिराने हक्क जात नाही, राजी झाल्याची खूण दिसली तर जातो. दुरुस्तीवाल्याला दाखवणं हे राजी होणं नव्हे, ते तपासणं.

"पडला-बिडला का तुझ्या हातून?"

मुलाचा चेहरा उतरला. त्याने पिशवीतून लॅपटॉप काढला. डावा कोपरा चेपलेला होता. बसमधून उतरताना आपटला. स्क्रीनच्या बिघाडाशी त्याचा संबंध नाही, हे मलाही माहीत होतं, पण माझ्या मनात दिवाळी झाली. नवा दोष! 345 वं कलम! ग्राहकाकडे असताना मालात नवा दोष आला तर माल परत करता येत नाही. मी ते बोलूनही दाखवलं, कलमाच्या नंबरासकट.

मुफ्तीसाहेब हसले. "पुढचं वाचलं नाही वाटतं."

*

पुढचं असं होतं. परत करता येत नाही याचा अर्थ ग्राहक बुडाला असा नाही. त्याला जुन्या दोषापुरती किंमत परत मागता येते. ती किती, हे विक्रेता ठरवत नाही आणि दुरुस्तीचं बिलही ठरवत नाही. निःपक्षपाती जाणकार दोन आकडे सांगतात, निर्दोष असती तर किती आणि या दोषासकट किती. दोन्हींतला फरक निर्दोष किमतीचा जितकावा हिस्सा, तितकावा हिस्सा ठरलेल्या किमतीतून परत. मजल्लात 346 व्या कलमाखाली कापडाचं उदाहरण आहे. माणसाने 60 कुरुशला (हे उस्मानी नाणं) कापड घेतलं, कापलं आणि मग दोष दिसला. जाणकार म्हणाले निर्दोष 80, सदोष 60. फरक 20, म्हणजे चौथा हिस्सा. मग परत किती? 20 नाही, 60 चा चौथा हिस्सा, 15.

मला हे हिशोबाचं अंग फार आवडलं. घासाघीस करून स्वस्तात घेतलेल्याला जास्त परतावा नाही आणि महाग घेतलेल्याला कमी नाही, सौदा ज्या पातळीवर झाला त्याच पातळीवर नुकसान मोजायचं. मी मनात दुरुस्तीचं बिल भरायची तयारी करून आलो होतो. पण दुरुस्तीचा खर्च आणि किमतीतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कापडवाल्याने शिकवलं.

"आणि त्याच्याही पुढे," मुफ्तीसाहेब म्हणाले, "तुम्ही स्वतः म्हणालात की कोपरा चेपलाय तसाच घेतो परत, तर मग यानेच ठरवायचं, परत द्यायचा की पूर्ण किमतीत ठेवायचा. घट मागता येणार नाही. चेपलेला कोपरा तुमचं नुकसान होऊ नये म्हणून मधे येतो. तुम्हीच ते सोसलंत तर अडथळा उरत नाही."

मी म्हटलं, "हजरत, पण हे सगळं मुभा असेल तर ना? मी आधीच लिहिलं होतं, जसा आहे तसा."

"हो. ते मी खोडणार नाही." त्यांनी कपाटातून हिदायाचा एक भाग काढला, मर्गीनानींची, आठ शतकांहून जुनी किताब. पान काढून बोट ठेवलं. सगळ्या दोषांतून मोकळीक घेऊन विकलं तर ग्राहकाला परत करता येत नाही, दोष एकेक करून मोजून दाखवले नसले तरी. "हा आमचा मसलक. काझीसमोर गेलात तर तुमचे शब्द तुमच्या बाजूने उभे राहतील."

मी मुलाकडे बघितलं नाही. बघायला हवं होतं.

"आता एक वाकिया ऐका," ते म्हणाले. हजरत अब्दुल्लाह इब्न उमर यांनी आपला एक गुलाम 800 दिरहमला विकला, दोषांतून मोकळीक घेऊन. तुमच्यासारखंच. घेणारा म्हणाला, याला आजार आहे, तुम्ही सांगितला नाहीत. इब्न उमर म्हणाले, मी मोकळीक घेऊन विकलाय. तंटा खलिफा हजरत उस्मान यांच्यापुढे गेला. त्यांनी विचारलं, विकताना तुला हा आजार माहीत नव्हता अशी कसम खातोस? इब्न उमर यांनी कसम खायला नकार दिला आणि गुलाम परत घेतला. पुढे तो त्यांच्याकडेच बरा झाला आणि त्यांनी तो 1500 दिरहमला विकला. इमाम मालिक यांनी मुवत्ता या आपल्या संग्रहात हे नोंदवून ठेवलं आहे. मालिकी आणि शाफिई परंपरांच्या कायदेपंडितांनी मोकळिकीची अट फार आखडून ठेवली, त्यामागे हा निवाडा आहे.

इथे थोडं थांबून एक सांगतो. हे दाखले वाचताना सारखा 'गुलाम' येतो. माणसाच्या अंगातला दोष, माणसाची परतफेड. कायद्याचं हे सगळं बारीक कातकाम माणसं विकण्याच्या बाजारात झालं, हे वाचताना मला टोचत राहिलं. अजूनही टोचतं. कापडाच्या उदाहरणापाशी मला जास्त बरं वाटतं.

मुफ्तीसाहेबांनी किताब मिटली. "काझी बाहेरच्या शब्दांवर निकाल देतो. त्याला कज़ा म्हणतात. बंदा आणि अल्लाह यांच्यात जे असतं त्याला दियानत म्हणतात. तुम्ही दोघांनी मला हकम नेमलंय, म्हणून शब्दांचं सांगितलं. पण तुम्ही माझ्याकडे आलात ते दियानतीसाठीही आलात ना? मग एकच विचारतो. कसम नको, साधं सांगा. तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हटलं, "पंधरा मिनिटं त्याने स्वतः तपासला."

"पंधरा मिनिटांत काळा होतो?"

"नाही. वीस मिनिटांत."

"पुस्तकावर ठेवला तर चाळीस," मुलगा म्हणाला. पुस्तक त्याच्या लक्षात होतं. आपला लॅपटॉप खाली काही ठेवल्यावर जास्त टिकतो, हे त्यालाही घरी कळलं होतं आणि मग माझ्या टेबलावरचं चित्र आठवलं होतं.

मुफ्तीसाहेबांनी मग बकरीची गोष्ट काढली. बकरी किंवा उंटीण विकायची असेल तर दोन-तीन दिवस दूध काढायचं नाही, थनं बांधून ठेवायची. कास भरलेली दिसते, घेणाऱ्याला वाटतं भरपूर दुधाची आहे. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या नोंदींत, याला मनाई आहे, आणि असं जनावर घेतलेल्याला ते ठेवायची किंवा एक साअ खजुरांसह परत करायची मुभा सांगितली आहे. साअ हे तेव्हाचं माप, आणि खजूर पिळून घेतलेल्या दुधाबद्दल. "या हदीसवरून परत करण्याचा हक्क मिळतो का, यात आमच्या इमाम अबू हनीफांचं मत बाकीच्या इमामांपेक्षा वेगळं आहे, ती बहस मोठी आहे. पण थनं बांधणं ठीक आहे असं कुणीच म्हटलेलं नाही."

तो शब्दकोश म्हणजे थनाला बांधलेली दोरी होती. मुद्दाम बांधली नसेन. पण सोडलीही नव्हती. आणि "दहा-दहा तास चालवतो" हे तर मी तोंडाने म्हटलं होतं.

मी म्हटलं, "घेतो परत. कोपऱ्यासकट."

निकाल द्यायची वेळच आली नाही. मुफ्तीसाहेबांनी तसं बोलूनही दाखवलं, की हे मी लावून दिलेलं नाही, यांनी आपखुशीने सौदा मागे घेतलाय. असा दोघांच्या राजीने मोडलेला सौदा म्हणजे इकाला, त्यात सवाब, म्हणजे पुण्य, आहे. मला त्या क्षणी सवाबापेक्षा खोलीबाहेर पडायची घाई जास्त होती.

*

पण एक खडा राहिला होता. 19 दिवस त्याने मशीन वापरलं, त्याची प्रोजेक्टं त्यावर झाली. त्याचं काही कापून घ्यायचं का? हा प्रश्न मी नाही काढला, मुलानेच काढला. म्हणाला, अंकल, वापराचं काहीतरी कापून घ्या.

मुफ्तीसाहेबांनी नको म्हटलं. हजरत आयेशा यांच्याकडून आलेली हदीस आहे, 'अल-खराजु बिज़-ज़मान'. ज्याच्यावर नुकसानीची जोखीम, त्याचाच फायदा. त्या 19 दिवसांत लॅपटॉप चोरीला गेला असता तर याचा गेला असता, तुमचा नाही. म्हणून त्या दिवसांचा वापरही याचाच. मजल्लाच्या सुरुवातीच्या तत्त्वांत 85 व्या कलमात हेच आहे, मी वाचूनही गेलो होतो, पण तिथे माझ्या फायद्याचं काही नसल्यामुळे डोळे पुढे सरकले होते. मुलाने स्वतः घातलेली जादा रॅम मात्र काढून घेतली. ती सुटी निघते. ती मशीनपासून वेगळी करता न येणारी भर असती, जसं घेतलेलं कापड रंगवून टाकलं, तर परत करणंच अडलं असतं आणि पुन्हा घटीचा हिशोब आला असता.

पैसे मी त्याच संध्याकाळी दिले. त्याने मोजले नाहीत. मोजले असते तर बरं वाटलं असतं.

*

त्यानंतर मला स्वतःला नवा लॅपटॉप घ्यायचा होता, आणि तेव्हा मी शहाणपणाने आधी विचारायला गेलो. खरेदीबरोबर येणारी कंपनीची वॉरंटी ठीक आहे का? ठीक आहे. बनवणाऱ्याने विक्रीसोबत दिलेला तो वादा आहे, अमुक मुदतीत बिघडला तर दुरुस्त करू किंवा बदलून देऊ. त्याने ग्राहकाचा ऐबाचा मूळ हक्क कमी होत नाही. दोन्ही गोष्टी मी तोवर एकच समजत होतो. वॉरंटी मुदतीची असते आणि मुदतीत नव्याने आलेला बिघाडही ती सांभाळते. खियार-ए-ऐब जुन्या दोषापुरता, पण हनफी मताप्रमाणे त्याला महिन्या-वर्षाची मुदत घातलेली नाही.

आणि वर पैसे मोजून जी वाढीव वॉरंटी विकतात ती? इथे त्यांनी हात आखडला. पैसे मी नक्की देणार. बदल्यात काही मिळेल की नाही ते बिघडण्यावर. या अनिश्चिततेला गरर म्हणतात, आणि व्यापारी विम्याला ज्या कारणाने बरेच मुफ्ती मना करतात त्याच कारणाने याला करतात. पैशाच्या बदल्यात ठरलेली कामं मिळणार असतील, वर्षात इतक्या वेळा साफसफाई, तपासणी, तर ती मजुरी झाली, तिचा विचार वेगळा. सगळे आलिम यावर एकमताचे नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. मी वाढीव वॉरंटी घेतली नाही. खरं सांगायचं तर निम्मं कारण गरर आणि निम्मं कारण पैसे.

निघताना मी विचारलं, त्या मुलाने आधी काय करायला हवं होतं? ते म्हणाले, तीन दिवसांची अट मागायला हवी होती. हब्बान इब्न मुन्किज़ नावाचे एक सहाबी, म्हणजे पैगंबरांचे सोबती, होते. डोक्याला मार लागल्यापासून सौद्यात फसायचे. त्यांना पैगंबरांनी सांगितलं, सौदा करताना म्हणत जा, 'ला खिलाबा', फसवाफसवी नाही, आणि तीन दिवसांची मुभा ठेव. इमाम अबू हनीफा अटीची ही मुभा तीन दिवसांपर्यंतच धरतात, त्यांचे शागिर्द अबू यूसुफ आणि मुहम्मद ठरवून घेतलेली जास्त मुदतही चालवतात. तीन दिवसांत लॅपटॉप आठ-दहा वेळा तरी काळा झाला असता.

"आणि मी?"

"तुम्ही?" त्यांनी अद्दा इब्न खालिद यांचा कागद सांगितला. पैगंबरांशी झालेल्या त्यांच्या सौद्याचा तो लेख तिर्मिज़ी या हदीससंग्रहात आहे. कुणी कुणाकडून काय घेतलं ते लिहून पुढे, यात आजार नाही, खोट नाही, दगा नाही, मुसलमानाने मुसलमानाला केलेली विक्री. "दोष नसेल तर असं लिहा. असेल तर तो लिहा."

लॅपटॉप दोन महिने माझ्याकडे पडून होता. मग परत विकायला काढला. इब्न उमरांसारखी बरकत माझ्या नशिबात नव्हती, पहिल्यापेक्षा बरीच कमी किंमत लावावी लागली. जाहिरातीत लिहिलं: 'तापल्यावर, साधारण वीस मिनिटांनी, स्क्रीनचा उजेड जातो. वेगळा मॉनिटर जोडला तर दिवसभर चालतो. डावा कोपरा चेपलेला.' तीन जणांनी विचारून सोडून दिलं. चौथा आला. त्याच्याकडे मॉनिटर होता, त्याला चालणार होतं.

त्याने किंमत विचारली आणि पाकीट काढलं. मी म्हटलं, थांबा, आधी बघा. पुस्तक खालून काढलं, लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवला, चालू केला आणि घड्याळ बघितलं. मग आम्ही दोघं इकडचं तिकडचं बोलत बसलो, स्क्रीन काळी पडायची वाट बघत.